जुन्या मालवाहू पिकअप वाहनासाठी बदली हेडलाइटची निवड : रोहणा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यातील रोहणा हे गाव पुलगाव व आर्वी या दोन बाजारपेठांच्या दरम्यान वसलेले आहे. कापूस, सोयाबीन, तूर ही या भागातील मुख्य पिके असून आर्वी तालुक्याची संत्रीही सर्वपरिचित आहेत. शेतातला माल बाजार समितीत किंवा जिनिंगमध्ये पोहोचविण्याचे काम पूर्वी बैलबंडी करीत असे. गेल्या दोन-अडीच दशकांत ते प्रामुख्याने पिकअप वाहनाकडे आले. महिंद्राची बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि २००५ साली बाजारात आलेली, 'छोटा हाथी' या नावाने ओळखली जाणारी टाटा एस ही वाहने आज ग्रामीण विदर्भातील कोणत्याही रस्त्यावर दिसतात. यांपैकी अनेक वाहने दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाच्या हाती असून त्यांचे वय दहा-पंधरा वर्षांच्या पुढे गेलेले असते.

अशा वाहनाचा जो भाग सर्वांत आधी म्हातारा होतो, तो म्हणजे हेडलाइट. काच पिवळी पडते, आतला परावर्तक काळवंडतो आणि रात्री रस्ता दिसेनासा होतो. कापसाची वेचणी आणि वाहतूक ऐन भरात येते ती दिवाळीनंतर. त्या दिवसांत वर्धा जिल्ह्यात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. शेतातून गाडी भरून निघेपर्यंत अंधार पडलेलाच असतो. साहजिकच मालक स्पेअर पार्ट्सच्या दुकानात जातो आणि 'जास्त उजेडाचा' दिवा मागतो. येथेच मूळ गफलत होते. रात्रीच्या वाहनचालनात उजेड किती आहे यापेक्षा तो कोठे पडतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात बदली हेडलाइटच्या निवडीचा विचार याच दृष्टीने करण्याचे योजिले आहे. विषय वरकरणी गॅरेजचा वाटला, तरी त्यात प्रकाशशास्त्र, विद्युतशास्त्र, कायदा आणि ग्रामीण अर्थकारण अशा अनेक विद्याशाखा एकत्र येतात.

प्रकाशझोताचा आकार

भारतातील बहुसंख्य जुन्या पिकअप वाहनांत एच-४ या प्रकारचा हॅलोजन बल्ब असतो. १९७१ साली युरोपात आलेल्या या बल्बमध्ये दोन तंतू असतात : १२ व्होल्टच्या बल्बमध्ये एक ६० वॅटचा व दुसरा ५५ वॅटचा. चालकांच्या भाषेत पहिला 'अप्पर' आणि दुसरा 'डिप्पर'. आंतरराष्ट्रीय मानकानुसार १३.२ व्होल्ट दाबावर अप्परचा तंतू सुमारे १६५० ल्यूमेन, तर डिप्परचा सुमारे १००० ल्यूमेन प्रकाश देतो.

खरी कारागिरी मात्र या आकड्यांत नाही. परावर्तक हा अन्वस्ताच्या घडणीचा असतो. अप्परचा तंतू त्याच्या नाभीजवळ असल्याने किरण जवळजवळ समांतर होऊन दूरवर जातात. डिप्परचा तंतू नाभीच्या थोडा पुढे बसविलेला असतो आणि त्याच्या खाली एक लहानशी धातूची वाटी असते. ही वाटी खालच्या दिशेने जाणारा प्रकाश अडविते. त्यामुळे केवळ परावर्तकाच्या वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तेथून तो खाली, रस्त्याकडे वळतो. समोरच्या भिंतीवर डिप्परचा झोत पाडला असता वर अंधार आणि खाली उजेड अशी स्पष्ट सीमारेषा दिसते, ती या वाटीमुळे. ही रेषा सरळ नसते. डावीकडे वाहतूक चालणाऱ्या देशात ती डाव्या बाजूला तिरकी वर चढते. हेतू असा की, उजवीकडून समोर येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये. परंतु डाव्या कडेने चालणारा पादचारी, सायकलस्वार किंवा विनादिव्याची बैलबंडी लांबून दिसावी.

एवढ्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, तंतूची जागा मिलिमीटरच्या अंशानेही बदलली, तर झोताचा आकार बिघडतो. म्हणजे बल्ब व परावर्तक या दोन सुट्या वस्तू नसून ती एक जोडी आहे. दुसरी अशी की, उजवीकडे वाहतूक चालणाऱ्या देशासाठी बनविलेला दिवा कितीही उत्तम असला, तरी भारतात तो सदोष ठरतो; कारण त्याची सीमारेषा नेमकी समोरून येणाऱ्याच्या बाजूला वर चढते. आयात केलेले अथवा परदेशी वाहनातून काढलेले दिवे विकत घेताना ही बाब सहसा कोणी पाहत नाही. आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेल्या दिव्याच्या काचेवर वर्तुळातील 'ई' हे अक्षर व एक अंक असतो. केवळ डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी असलेल्या दिव्यावर एक आडवा बाण असतो आणि दिव्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाला तो उजवीकडे रोखलेला दिसतो. दोन्ही टोकांना अग्र असलेला बाण असेल, तर दिवा दोन्ही पद्धतींसाठी जुळवून घेता येतो. 'ई' चिन्ह आहे पण बाण मुळीच नाही, असा दिवा उजव्या बाजूच्या वाहतुकीचा समजावा. दुकानात उभ्या उभ्या करता येण्यासारखी ही सर्वांत सोपी परीक्षा आहे.

एलईडी बल्बचा मोह

आज स्पेअर पार्ट्सच्या दुकानात सर्वाधिक आग्रहाने पुढे केला जातो तो एच-४ च्या जागी बसणारा एलईडी बल्ब. पाकिटावर हजारो ल्यूमेनचे आकडे छापलेले असतात, वीज कमी लागते, रंग पांढराशुभ्र असतो. घरातील एलईडी दिव्यांचा अनुभव चांगला असल्याने ग्राहकाचा विश्वास चटकन बसतो. वस्तुतः येथे तुलनाच चुकते. घरातल्या दिव्याने खोली उजळावयाची असते. वाहनाच्या दिव्याने काही भाग उजळावयाचा व काही भाग जाणीवपूर्वक अंधारात ठेवावयाचा असतो.

हॅलोजनचा तंतू ही एक बारीक गुंडाळी असून ती सर्व दिशांना सारखा प्रकाश फेकते. एलईडीच्या चिप सपाट पट्टीच्या दोन बाजूंना बसविलेल्या असतात. त्यांतून प्रकाश बाजूंना अधिक व इतरत्र कमी जातो आणि त्यांची जागाही मूळ तंतूच्या जागेशी तंतोतंत जुळतेच असे नाही. परिणामी डिप्परची सीमारेषा पुसट होते. चालकाला गाडीसमोरचा जवळचा रस्ता लख्ख दिसतो आणि 'दिवा चांगला लागला' असे समाधान वाटते. परंतु जवळचा रस्ता फार उजळला, की डोळा त्या उजेडाला सरावतो आणि लांबचा अंधुक भाग अधिकच दिसेनासा होतो. दरम्यान सीमारेषेच्या वर निसटलेला प्रकाश समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत जातो. दिपलेला डोळा पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन तीन सेकंदांत ५० मीटर अंतर कापते. वय वाढते तसा डोळ्याच्या भिंगात प्रकाश अधिक विखुरतो, त्यामुळे पन्नाशीच्या पुढील माणसाला हा त्रास तरुणापेक्षा कितीतरी जास्त होतो. दिवा विकत घेणारा एक आणि त्याची किंमत मोजणारा दुसराच, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांना यात बाह्य परिणामाचे नेटके उदाहरण सापडेल.

एलईडी तंत्र वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. एलईडीसाठीच घडविलेला परावर्तक किंवा भिंग असलेला संपूर्ण दिवा उत्तम काम करतो. आक्षेप आहे तो हॅलोजनच्या घरात एलईडी बसविण्याला. जर्मनीत २०२० पासून काही विशिष्ट एलईडी बदली बल्बांना परवानगी मिळाली, तीही सरसकट नव्हे. कोणत्या वाहनाच्या कोणत्या दिव्यात कोणता बल्ब चालेल, याची चाचणीअंती यादी करून. यावरून जोडीचे तत्त्व किती काटेकोर आहे ते दिसते. काही वर्षांपूर्वी लोकप्रिय झालेल्या झेनॉन किटलाही हाच आक्षेप लागू पडतो. निळसर लेपाच्या हॅलोजन बल्बविषयी तर एकच वाक्य पुरे : लेप काही प्रकाश गाळून टाकतो, म्हणून दिवा अधिक 'पांढरा' दिसतो आणि कमी उजळतो.

वीज वाटेत कोठे हरवते

जुन्या वाहनाचा उजेड मंदावण्याचे कारण पुष्कळदा दिव्यात नसून वायरिंगमध्ये असते. दोन हेडलाइट मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा प्रवाह स्टिअरिंगजवळच्या अप्पर-डिप्परच्या स्विचमधून जातो. वर्षानुवर्षे वापरलेले स्विचचे संपर्क, गंजलेली अर्थिंग, सैल झालेले होल्डर या सर्वांचा मिळून केवळ ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी ओहमच्या नियमानुसार १ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. हॅलोजन बल्बचा प्रकाश विद्युतदाबाच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे १३.२ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले, तर दाब फक्त नऊ टक्क्यांनी घटतो. प्रकाश मात्र एक चतुर्थांशाहून अधिक कमी होतो.

या स्थितीत पुष्कळ लोक १००/९० वॅटचा बल्ब लावतात. त्याने प्रवाह सुमारे १७ अँपिअरवर जातो. त्याच ०.१ ओहम रोधात पूर्वी १० वॅट उष्णता निर्माण होत होती, ती आता २८ वॅटच्या पुढे जाते. स्विच वितळणे, होल्डर करपणे, परावर्तकाचा चकाकता थर भाजून काळा पडणे हे सारे त्यातून घडते. आणि वाढीव वॅटचा मोठा हिस्सा पुन्हा वाटेतच जातो. कापसासारखा ज्वालाग्राही माल वाहणाऱ्या वाहनात तापलेली वायर ही नुसती किरकोळ बिघाडाची बाब राहत नाही.

म्हणून दिवा विकत घेण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन मापे घ्यावीत. इंजिन सुरू ठेवून व दिवे लावून बॅटरीच्या टोकांवरचा दाब मोजावा आणि मग बल्बच्या होल्डरवरचा. दोहोंत अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक आढळल्यास पैसे आधी वायरिंगवर खर्च करावेत. बॅटरीपासून थेट जाड वायर आणून, मध्ये रिले व फ्यूज टाकले, की स्विचमधून केवळ रिले चालविण्यापुरता अल्प प्रवाह जातो आणि बल्बला पूर्ण दाब मिळतो. हे काम पुलगाव-आर्वीसारख्या गावांतील कोणताही ऑटो इलेक्ट्रिशियन करू शकतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी. रेग्युलेटर बिघडून दाब वाढला, तर बल्ब वारंवार उडतात. कारण दाबातील पाच टक्के वाढ बल्बचे आयुष्य जवळजवळ निम्म्यावर आणते. सारखे बल्ब जाणाऱ्या गाडीत 'माल डुप्लिकेट' असल्याचा निष्कर्ष घाईने काढू नये.

काच, परावर्तक आणि बाजारातील माल

जुन्या गोल दिव्यांची काच खरोखर काचेची असे; ती तडकते, पण पिवळी पडत नाही. पुढील काळातील दिव्यांवर पॉलिकार्बोनेटचे आवरण आले. ते हलके व मजबूत असते, मात्र सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपासून वाचविणारा त्याचा बाह्य लेप विदर्भाच्या उन्हात विरत जातो आणि आवरण धुरकट होते. केवळ आवरणच धुरकट असेल, तर पाण्यातील बारीक पॉलिश पेपरने घासून ते पुन्हा स्वच्छ करता येते. परंतु घासल्यानंतर अतिनीलरोधक लेप दिला नाही, तर काही महिन्यांतच ते पूर्ववत होते. टूथपेस्ट लावून काच चकाकविण्याचा जो उपाय सर्वत्र सांगितला जातो, त्याची मर्यादा हीच.

परावर्तकाचे तसे नाही. त्यावरील अॅल्युमिनियमचा थर इतका पातळ असतो की, कापडाने पुसला तरी निघून येतो. तो काळवंडला, सोलला किंवा त्यात पाणी शिरून डाग पडले, तर संपूर्ण दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. त्यात नवा बल्ब घालणे म्हणजे पाझरणाऱ्या बांधात पाणी सोडणे होय.

संपूर्ण दिवा घेताना बाजारात ढोबळमानाने तीन प्रकारचा माल दिसतो : वाहन उत्पादकाच्या वेष्टनातील, ल्युमॅक्स, मिंडा, ऑटोलाइट यांसारख्या दिवे बनविणाऱ्या कंपन्यांच्या नावाने येणारा आणि निनावी स्थानिक माल. पहिला महाग असतो व जुन्या मॉडेलसाठी कधी मिळतही नाही. मध्यम उत्पन्नाच्या मालकाला दुसरा पर्याय बहुधा सर्वांत किफायतशीर ठरतो. निनावी दिवा बाहेरून हुबेहूब असतो; फरक परावर्तकाच्या घडणीत असतो आणि तो हाताला कळत नाही, भिंतीवर कळतो. म्हणून दुकानदाराने परवानगी दिल्यास दिवा बॅटरीला जोडून डिप्परचा झोत भिंतीवर पाहावा. सीमारेषा ठसठशीत व डावीकडे चढती दिसली पाहिजे. जोडही तपासावे. बल्बच्या मागचे रबरी बूट घट्ट बसते का, उंची जुळविण्याचे स्क्रू फिरतात का, पकडीचे कान जाड आहेत का, हे पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. शक्यतो दोन्ही दिवे एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना असला, की झोत दोन बाजूंना वेगळा पडतो. बल्ब बसविताना त्याच्या काचेला बोट लावू नये, कारण त्वचेचे तेल तापलेल्या काचेला मारक ठरते.

नियमांची चौकट

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ हा दिव्यांच्या झोताविषयी आहे. वाहनाच्या पुढे ८ मीटर अंतरावर, वाहनाच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, अशा माणसाला दिपविणार नाही इतका झोत कायमचा खाली वळविलेला असावा, असा त्याचा आशय आहे. नियमकर्त्यांनी येथे वॅट वा ल्यूमेन न सांगता एका माणसाच्या डोळ्यांची जागा सांगितली आहे, हे विशेष. सुट्या भागांच्या सुरक्षा मानकांसाठी नियम १२४ असून दिवे बसविण्याच्या पद्धतीसाठी एआयएस-००८ हे मानक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने अनधिकृत फेरबदलासाठी प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही अशी तरतूद केली. शिवाय मालवाहू वाहन आठ वर्षांपेक्षा जुने झाले, की योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी घ्यावे लागते. पासिंगच्या दिवशी जुने बल्ब लावावयाचे आणि परतल्यावर पुन्हा एलईडी बसवावयाचे, ही युक्ती सर्वांना ठाऊक आहे. तिच्यामुळे प्रमाणपत्र मिळते, इतकेच.

भरलेली गाडी आणि वर उचललेला झोत

पिकअप वाहनाच्या दिव्यांचा सर्वांत दुर्लक्षित प्रश्न हा भाराचा आहे आणि रोहण्यासारख्या गावात तोच सर्वांत कळीचा आहे. डिप्परचा झोत साधारणतः १ ते १.५ टक्के खाली झुकलेला ठेवतात. एक टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. दिवा जमिनीपासून ८० सेंटिमीटर उंचीवर असेल, तर एक टक्का उताराने सीमारेषा ८० मीटरवर रस्त्याला टेकते. दोन टक्के उतार दिल्यास ४० मीटरवरच. ताशी ६० किलोमीटर वेगात दीड सेकंद प्रतिक्रियाकाळ आणि बऱ्यापैकी ब्रेक गृहीत धरले, तर गाडी थांबण्यास सुमारे ५३ मीटर लागतात. ताशी ८० ला सुमारे ८२ मीटर. म्हणजे उत्तमोत्तम डिप्परवरही ८० चा वेग झोताच्या पल्ल्याबाहेरचा आहे. याला कोणताही बल्ब उपाय नाही.

आता हीच गाडी पंधरा क्विंटल कापूस भरून निघाली असे समजू. मागचे पाटे दबतात आणि बॉनेट वर उचलले जाते. दोन चाकांमधील अंतर सुमारे ३ मीटर धरले आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा ६ सेंटिमीटर अधिक दबली, तर गाडी दोन टक्क्यांनी कलते. एक टक्का खाली असलेला झोत आता एक टक्का वर जातो. ५० मीटरवर सीमारेषा १.३ मीटर उंचीला पोहोचते. मोटारीत बसलेल्या चालकाचे डोळे साधारण याच पातळीच्या आसपास असतात आणि दुचाकीस्वाराचेही फार वर नसतात. चालकाने डिप्पर दिलेला असतो, पण समोरच्याला तो अप्परच भासतो. मग समोरचाही अप्पर मारतो आणि दोघेही काही क्षण आंधळे होऊन एकमेकांजवळून जातात. याच क्षणी डाव्या कडेला एखादी विनादिव्याची बंडी असू शकते. मूळ हॅलोजनने हा दोष सौम्य राहतो. भलत्याच तेजाच्या दिव्याने तो कित्येक पटींनी वाढतो.

काही वाहनांत झोत वरखाली करण्याचे बटन डॅशबोर्डवर असते. अनेक चालकांना ते ठाऊक नसते किंवा त्याची मोटार बंद पडलेली असते. बदली दिवा घेताना ही मोटार त्यात आहे का आणि जुनी तिच्यात बसते का, हे आवर्जून विचारावे. जेथे असे बटन नाही, तेथे दिव्याची जुळवणी रिकाम्या गाडीवर न करता हंगामातील नेहमीच्या भारासह करावी. रिकामी परतताना झोत थोडा जवळ पडेल, पण त्याचा तोटा फक्त स्वतःला, वेग कमी ठेवून भरून काढता येण्याजोगा असतो. त्यासाठी सपाट जागा व भिंत एवढेच लागते. टायरमध्ये नेहमीची हवा भरून, चालकाला आसनावर बसवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूने आडवी रेघ ओढावी आणि तिच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी. डिप्पर लावून, एक दिवा झाकून, दुसऱ्याची सीमारेषा खालच्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवावा. मग दुसऱ्या दिव्याचे तसेच. मागचे पाटे बसलेले असतील, तर ही जुळवणी फार दिवस टिकणार नाही. अशा वेळी दिव्यांच्या आधी पाट्यांचे काम करून घेणे श्रेयस्कर.